घड्याळ बघून गोंधळू नका

प्रश्न : मुलीकडे व्हिएन्नाला जातोय. ती म्हणते, दोन दिवस ऑस्ट्रियातल्याच ग्राझ शहरात काढा. आमचे हे पक्के शाकाहारी, माझे गुडघे कुरकुरतात. जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, खुशाल जा. रेल्वेने अडीच-पावणेतीन तास. श्लॉसबेर्ग टेकडीच्या २६० पायऱ्या जावईबापूंना चढू द्या. तुमच्यासाठी डोंगराच्या पोटातून लिफ्ट आहे. वर घड्याळाचा मनोरा. त्याचा लांब काटा तासांचा आणि आखूड मिनिटांचा! पूर्वी लांबून दिसावा म्हणून एकटा तासकाटाच होता, मिनिटकाटा नंतर आला. १८०९ मध्ये नेपोलियनच्या अटीनुसार टेकडीवरचा किल्ला पाडला, पण हा मनोरा गावकऱ्यांनी पैसे मोजून सोडवला.

आता तुमच्या यजमानांचं जेवण. वरून बिनमांसाचं दिसणारं पातळ सूप, त्यात धिरड्याच्या पट्ट्या, हे हमखास गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘केफरबोनेन’ मागा : जांभळट ठिपक्यांचे टपोरे घेवड्याचे दाणे, चिरलेला कांदा आणि वरून भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल. भाजक्या बियांचा खमंग वास येतो. मला तर शेंगदाण्याच्या चटणीचीच आठवण झाली. खारवलेलं डुकराचं मांस घातलं नाही ना, तेवढं विचारून घ्या. तेल साडीवर सांडलं तर ऊन दाखवा, डाग उडतो.

हे तेल कैसर-योझेफ चौकातल्या शेतकरी बाजारात सकाळी घ्या. रविवारी तो बंद, दुकानंही बंद. तेव्हा शनिवारी संध्याकाळी पोहोचण्याचा बेत नको.