रातचो मेसेज

बारावीचे निकाल लागून पोरं कॉलेजात आली की माझ्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, कुठल्या बँकेत खातं काढू?" मी रत्नागिरीत विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. सुरुवातीला वाटायचं, हे बँकेच्या खिडकीपाशी विचारायचं सोडून माझ्याकडे कशाला? आता मी आधी सरळ उत्तर देते आणि मग गप्प बसते. त्या गप्प बसण्यात पुढचं बाहेर येतं.

नंदाचंही तसंच झालं. (नाव बदललंय, ओळख पटेल असे इतर तपशीलही.) मालवणकडची पोर, पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. वडील ट्रॉलरवर खलाशी. आली तीच वही उघडून. शेवटच्या पानावर पाच बँकांची नावं, समोर व्याजदर, त्याच्यापुढे ॲपला लोकांनी दिलेले तारे. दोन नावांवर फुली, एकाभोवती गोल, आणि तो गोलही नंतर खोडलेला.

"ह्या बँकेत अर्धा टक्का व्याज जास्त आहे," ती म्हणाली.

"खात्यात साधारण किती असतात?"

"दोन हजार. कधी कमीच."

तिच्याच वहीवर मी हिशेब केला. दोन हजारांवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला दहा रुपये. एक चहा. ती हसली, पण वही मिटली नाही.

तिला जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. विद्यार्थ्याला बचत खातं पुरतं. चालू खातं धंदेवाल्यांसाठी, त्याच्या वाटेला जाऊ नये. व्याजदरापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात : किमान शिल्लक किती ठेवावी लागते, ती नसली तर किती कापतात, आणि एटीएम कार्डाचे व मेसेजचे वर्षाला किती घेतात. किमान शिल्लक झेपणार नसेल तर 'मूलभूत बचत खातं' मागायचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं. त्यात शिल्लक शून्य चालते, कार्ड फुकट मिळतं, महिन्याला निदान ४ वेळा पैसे फुकट काढता येतात. मात्र ते असताना त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. काउंटरवरून आपणहून कोणी हे सुचवेल याची वाट पाहू नये. नाव घेऊन मागावं.

सरकारी शिष्यवृत्तीचं एक वेगळं. ती बहुतेकदा खाते क्रमांकावर जात नाही, आधार शेवटी ज्या बँकेत 'सीड' झालंय, म्हणजे सरकारी पैसे जमा व्हायला जोडलंय, तिथे जाते. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नव्हे. "शिष्यवृत्ती आली नाही" म्हणून रडवेल्या झालेल्या कितीतरी मुलांचे पैसे गावच्या शाखेत, आईने कधीतरी काढून ठेवलेल्या खात्यात, सुखरूप पडलेले मी पाहिलेत.

एवढं सांगून गप्प बसले. नंदाही बसली. मग म्हणाली, "मॅडम, खातं आहे माझं. शाळेत असताना काढलेलं."

"मग नवीन कशाला?"

"मेसेज बाबांना जातात."

खातं काढलं तेव्हा ती अल्पवयीन होती. पालक म्हणून वडिलांची सही आणि वडिलांचाच मोबाइल नंबर. जून महिन्यात ती अठराची झाली, पण बँकेत कोणी गेलं नाही. नंबर वडिलांचा, म्हणून तिच्या फोनवर यूपीआय सुरू होईना. खाणावळीत, मेडिकलमध्ये ती कार्ड टॅप करायची. आणि प्रत्येक टॅपला दुकानाच्या नावासकट मेसेज वडिलांच्या फोनवर.

"बाबा ओरडतात?"

"नाही."

"विचारतात कशाला खर्च केलास म्हणून?"

"काहीच विचारत नाहीत. तेच तर!"

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत वाढलेली. मेसेज घाबरवत नाही, आपण त्याला लावलेला अर्थ घाबरवतो, हे आमच्याकडचं पहिलं पान. नंदाने लावलेला अर्थ असा : बाबा दर्यावर जीव धोक्यात घालून कमावतात, मी इथे आइस्क्रीम खाते, ते सगळं बघतात आणि मनात ठेवतात. म्हणून तिने तोड काढली होती. पंधरा दिवस रात्रीचं जेवण मैत्रिणीच्या यूपीआयवर. त्या मैत्रिणीचे हजाराच्या वर देणे झाले होते आणि दोघींचं बोलणं तुटत आलं होतं. बँकांची यादी त्या पंधरवड्यात केलेली.

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात वडिलांचं चित्र तयार झालं होतं. मुठीत पैसा धरणारा, मुलीच्या खर्चावर नजर ठेवणारा बाप. मुलीला मी अर्थ तपासायला शिकवत होते आणि माझा अर्थ न तपासता खिशात टाकला होता.

तिसऱ्या भेटीत तिला म्हटलं, "तू अंदाज केलायस. आता पुरावा मागू या. बाबांनाच विचार, मेसेज बघून काय वाटतं." नको नको म्हणत शेवटी तिने माझ्या खोलीतूनच फोन लावला, स्पीकरवर. नशीब, बोट बंदरात होती. मागे कोणीतरी बर्फ फोडत होतं.

तिने विचारलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग आवाज आला :

"पैशे कोण मोजता गो! रातचो मेसेज इलो की समाजता, चेडू जेवला. आमका भायर रेंज नाय. बंदराक येतना सगळे मेसेज एकदम वाजतत. मी तुझो खाणावळीचो शोधतंय. ह्या पंधरा दिसांत एक पण नाय. आवस रोज इचारता, आजारी बिजारी आसा काय?" (चेडू म्हणजे मुलगी, आवस म्हणजे आई.)

नंदाने फोन टेबलावर ठेवला, हातात धरवेना म्हणून. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं हे कळायला मला बरीच वर्षं लागली. तीच थोड्या वेळाने फोनकडे वाकून म्हणाली, "बाबा, जेवतंय मी. रोज जेवतंय."

चौथी भेट फक्त कामाची. नवीन खातं काढलंच नाही. बोट दुरुस्तीला लागली त्या आठवड्यात बाप-लेक मूळ शाखेत गेले. अठरा पूर्ण झाल्याचा पुरावा, आधार, पॅन, फोटो दिले. नंदाने स्वतःच्या सहीचा नमुना दिला, स्वतःचा नंबर नोंदवला, नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलं. खातं रत्नागिरीच्या शाखेत बदलून मागितलं. बहुतेक बँकांत खाते क्रमांक तोच राहतो, आयएफएससी बदलतो, तो कॉलेजात कळवायचा.

नंबर स्वतःचा झाला म्हणजे जोखीमही स्वतःची झाली. म्हणून तिला दोन गोष्टी बजावल्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात की पैसे जातात. आणि कोणी "तुझ्या खात्यावर थोडे पैसे घे, कमिशन देतो" म्हणालं तर सख्खा मित्र असला तरी नाही. फसवणुकीचे पैसे अशाच पोरांच्या खात्यांतून फिरवतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. फसलोच तर लाजत बसू नये. त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आणि बँकेला फोन. बँकेच्या बाजूची चूक नसेल, आपलीही नसेल, तर ३ कामाच्या दिवसांत कळवलेल्या व्यवहाराचा भुर्दंड आपल्यावर येत नाही. उशीर केला की येतो.

जाताना मी विचारलं, "आता बाबांना कसं कळणार जेवलीस ते?"

"त्याचं झालंय ठरवून," म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मैत्रिणीला घेऊन आली. उधारी फिटली होती. नुकतंच छापलेलं पासबुक पुढे केलं. खाणावळ, झेरॉक्स, एसटीचा पास, आणि मधूनमधून, जवळजवळ रोजचा एकच व्यवहार : वडिलांच्या खात्यावर १ रुपया.

"मशीनने तीन पानं खाल्ली, मॅडम. बँकेतले काका विचारत होते, हे काय चाललंय?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, जेवले."