डब्याकडे हात जातो तेव्हा

पोट भरलेलं असूनही ताणात, रागात किंवा एकटं वाटलं की हात खाऊच्या डब्याकडे जात असेल, तर लगेच डाएट सुरू करू नका. आधी आठवडाभर नुसतं वहीत टिपून ठेवा, खाण्याच्या अर्धा तास आधी काय घडलं होतं ते. साहेबांचा फोन, सासूबाईंशी खटका, मुलं झोपल्यावरचा एकटेपणा. कॅलरी मोजायच्या नाहीत.

पोटाची भूक हळूहळू चढते, तिला गार पोळी-भाजीही चालते. मनाची भूक अचानक उसळते आणि तिला शेवच हवी असते, तीही उभ्याउभ्या, थेट डब्यातून. त्या क्षणी स्वतःला विचारा, आत्ता वरण-भात मिळाला तर खाईन का?

आणखी एक बघाच, हे फार जणांच्या लक्षात येत नाही: दुपारी नीट जेवण झालं होतं का, रात्री झोप पुरली होती का? झोप अपुरी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढू शकतं, सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक. मग संध्याकाळी गोड-तळकट खुणावणारच. कृपा करून त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका.

लपून, थांबताच येत नाही इतकं खाणं किंवा नंतर मुद्दाम उलटी काढणं होत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.