इंदूरहून डिसेंबरात बेटावरच्या साध्या कुटीत दोन दिवस राहायचंय, सोबत आई-बाबा आणि लहान मुलं. थंडीचं काय करावं?

जरूर जा. फक्त निखाऱ्यांची शेगडी खोलीत घेऊ नका. बाकीचं नंतर सांगते.

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही सात जण नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर ओळखीच्यांच्या कौलारू खोलीत राहिलो. (तिथली बेटं म्हणजे धरण भरल्यावर वर उरलेले टेकड्यांचे माथे. याच पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद हे गाव गेलं, सासूबाई तेच मुलांना सांगत होत्या.) संध्याकाळी अंगणात गोवऱ्यांवर बाफले (कणकेचे गोळे) भाजले, गराडू (एक कंद) तळले, नऊपर्यंत शेकत बसलो. मग वारा सुटला. सासूबाईंचे पाय गार पडले म्हणून मीच शेगडी आत आणली आणि खिडकीच्या फटीत गोणपाट कोंबलं. धूर नव्हता, त्यामुळे शंकाच आली नाही. रात्री दोनला धाकटी उलटी करत उठली. माझंही डोकं ठणकत होतं, वाटलं गराडू बाधले. सासूबाई मात्र हाका मारूनही नीट जाग्या होईनात. नणंदेने दार उघडून सगळ्यांना ओट्यावर ओढलं, म्हणून वाचलो. होडी उजाडल्यावरच आली. काठावर पोचताच सासूबाईंना दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना झाली, तर पोटाचा दोष शोधत बसू नका, आधी सगळ्यांना बाहेर काढा. खिडकी किलकिली ठेवली तरी शेगडी आत नकोच.

ऊब दुसऱ्या वाटेने मिळते. गारवा खालून जास्त चढतो, तेव्हा गादीखाली जाड सतरंजी हवी. पाण्याजवळ रजया दमट होतात. त्या दुपारी उन्हात टाका आणि चारच्या आत उचला. आई-बाबांना गरम पाण्याच्या पिशव्या, मोजे, कानटोपी. सगळे एकाच खोलीत झोपा.

जागा म्हणाल तर ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यातलं सैलानी आणि इंदिरा सागरकाठचं हनुवंतिया ही दोन्ही पर्यटन विभागाची ठिकाणं आहेत, म्हाताऱ्या माणसांसोबत तीच बरी. खासगी बेट घेतलंत तर नावाडी रात्री तिथेच थांबणार का, हे आधी ठरवून घ्या. बडवाह-मोरटक्क्याकडून जाताना वाटेत ओंकारेश्वरचं दर्शनही उरकू म्हणू नका, उशीर होतो. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि अंधारात आई-बाबांना होडीत चढवणं कठीण जातं.

आणि सकाळी मुलांना लवकर उठवा. पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्यामुळे वाफ निघाल्यासारखं धुकं वर येतं. ऊन चढलं की ते विरतं.