विजयाचं तेल आणि नातवाच्या फिट

प्रश्न : माझा नातू ८ वर्षांचा आहे, वजन २० किलो. त्याला लेनॉक्स-गॅस्टॉ प्रकारचा अपस्मार आहे. उभ्या उभ्या कोसळतो, दोनदा कपाळाला टाके पडले. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझम या फिटच्या गोळ्या चालू आहेत. जावयांनी ऑनलाइन विजया (म्हणजे भांग) अर्काचं तेल मागवलं. बाटली ३० मिलीची, लेबलवर ‘अर्क १५०० मिलिग्रॅम’. रोज पाच थेंब देतोय, पण पोर शाळेत पेंगतं. मुलगी म्हणते, तुम्ही त्याच्या पोटात गांजा घालताय. जावई म्हणतात, झाडपाल्याचंच आहे, हळूहळू गोळ्या सुटतील. आम्ही कुणाचं ऐकायचं?
— एक आजी, सांगली

उत्तर : ताई, आधी तातडीचं सांगते. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझमचा एकही डोस चुकवू नका. या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. तेल दिल्याचं मेंदूच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. त्यांनी होकार दिल्याशिवाय पुढचा थेंब देऊ नका.

आता मुलीच्या भीतीकडे येते. फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) शिकवताना मी फळ्यावर भांगेच्या झाडातले दोन रेणू शेजारी शेजारी काढायचे, टीएचसी आणि सीबीडी. दोन्हींत २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. तराजूत घातले तरी वजन सारखंच. फरक एवढाच की टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन दोन बाजूंना जोडून एक कडं बंद करतो आणि सीबीडीमध्ये ते कडं उघडं राहतं. बंद कड्याचा टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या कुलपात किल्लीसारखा, नेमका बसतो. स्मरण, तोल, वेळेचं भान सांभाळणाऱ्या भागांत हे रिसेप्टर दाटीने असतात, म्हणून गांजाची नशा चढते. सीबीडी तिथे तसा बसत नाही, त्याने नशा होत नाही. दोन्ही रेणू एकाच झाडाच्या चिकात तयार होतात, म्हणून अर्क काढला की दोन्ही कमीजास्त प्रमाणात उतरतात. तुमच्या बाटलीत कोणता किती आहे, हे ‘अर्क १५०० मिलिग्रॅम’ या शब्दांवरून कळत नाही. लेबलवर सीबीडी किती आणि टीएचसी किती हे वेगवेगळं लिहिलंय का, ते बघा. पेंगण्याचं एक कारण तिथेच सापडू शकतं.

जावयांनी ऐकलेलं अगदीच हवेतलं नाही. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले विल्यम ओशॉनेसी यांनी भांगेच्या अर्कावरचं आपलं काम मांडलं. एका तान्ह्या मुलीच्या आकड्या त्या अर्काने थांबल्याची नोंद त्यांनीच केलेली आहे. पण अर्कात नेमकं कोण काम करतंय हे कळायला त्यांच्याकडे साधनच नव्हतं. सीबीडीची रचना १९६३ मध्ये उलगडली आणि पुढच्याच वर्षी टीएचसीची, दोन्ही इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत. आज आपल्याला मोजता येतं, आणि लहान मुलाला मोजल्याशिवाय काही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजूर झालं, तुमच्या नातवाच्या याच आजारासाठी आणि ड्रॅव्हे सिंड्रोम या अपस्माराच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी. लेनॉक्स-गॅस्टॉच्या २२५ रुग्णांवरच्या चाचणीत कोसळवणाऱ्या झटक्यांमधली घट पाहिली : किलोमागे रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत सुमारे ४२ टक्के, १० मिलिग्रॅमवाल्यांत ३७ टक्के, आणि औषध नसलेलं नुसतं द्रव घेणाऱ्यांत १७ टक्के. म्हणजे उपयोग खरा आहे. पण या सगळ्यांच्या आधीच्या गोळ्या चालूच होत्या, सीबीडी त्यांच्या जोडीला दिलं होतं. ‘गोळ्या सुटतील’ हे त्या चाचणीने कुठेही म्हटलेलं नाही.

आता वही-पेन घ्या. ते औषध किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, म्हणजे तुमच्या नातवाला १०० मिलिग्रॅम, आणि मग २०० पर्यंत नेतात. तुमच्या बाटलीत एका मिलीत ५० मिलिग्रॅम अर्क. मिलीला वीस थेंब धरले तर पाच थेंबांत साडेबारा मिलिग्रॅम, तोही नुसता अर्क. म्हणजे अख्खा अर्क सीबीडी निघाला तरी सुरुवातीच्या डोसाच्या आठव्या हिश्शाएवढाच. झटके थांबवायला हे तोकडं आहे, आणि त्यात टीएचसी असेल तर वाढत्या मेंदूला त्रास द्यायला तेवढंही नको.

थेंब वाढवावेत का, असं आता मनात येईल. नका वाढवू. नातवाची दोन्ही औषधं सीबीडीशी भिडणारी आहेत. व्हॅल्प्रोएटबरोबर सीबीडी दिलं की रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढण्याचा (ही यकृताला त्रास होत असल्याची खूण) धोका बराच जास्त असतो. क्लोबाझमपासून शरीरात एक दुसरं झोप आणणारं द्रव्य तयार होतं; ते मोडणारं एन्झाइम सीबीडी अडवतं, मग ते रक्तात साठतं आणि पोर पेंगायला लागतं. म्हणून डॉक्टरांना एसजीओटी, एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासण्या करायच्या का, ते विचारा.

आणखी एक गोष्ट घरात सहज नजरेआड होते. हे रेणू पाण्यात नव्हे, तुपातेलात विरघळतात. (भांग दुधातुपात शिजवतात ती उगाच नाही.) स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर सीबीडी उपाशीपोटीपेक्षा साधारण चौपट शोषलं जातं. एक दिवस तूपभाताबरोबर, एक दिवस नुसतं, असं दिलं तर तेवढ्याच थेंबांचा परिणाम रोज बदलत राहील.

राहिला कायदा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने फुलोरा आणि चरस यांवर बंदी घातली, नुसती पानं ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर ठेवली. त्या फटीतून विजयाची उत्पादनं येतात. पण आयुर्वेदाच्या औषधांच्या नियमांतही भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. नातवाला न तपासता कुणी बाटली पाठवली असेल तर ती देखरेख नव्हे.

डॉक्टरांना सीबीडीबद्दल जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. त्याच भेटीत कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट) आहाराचंही विचारा, या आजारात काही मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. आणि तोवर शाळेत डोक्याला मऊ हेल्मेट घाला. मुलं चिडवतील म्हणून टाळू नका, बाईंना वर्गात दोन शब्द बोलायला सांगा.

प्रश्न : पाठदुखीसाठी मित्राने हेम्प सीड ऑइल (भांगेच्या बियांचं तेल) दिलंय. याने नशा होईल का? दुखणं जाईल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नशा होणार नाही. कॅनाबिनॉइड्स, म्हणजे टीएचसी-सीबीडीसारखे रेणू, फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत तयार होतात, बियांत नाही. बीला चीक लागला तर किंचित अंश येतो, एवढंच. म्हणूनच २०२१ मध्ये एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ मिळतील, जवसासारखं चटणीत घाला. पाठदुखीसाठी मात्र त्यावर पैसे घालू नका. पायात मुंग्या येत असतील किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.