कराराची न्यायालयातून अंमलबजावणी करून घेण्याचा खर्च कोणत्या देशात किती, याची तुलना कशी करतात?

जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालात वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क आणि निकालाच्या अंमलबजावणीचा खर्च एकत्र करून तो दाव्याच्या रकमेच्या टक्केवारीत मांडला जात असे. २०२० च्या अहवालानुसार हा खर्च भारतात ३१ टक्के, सिंगापुरात २५.८ टक्के, तर ब्रिटनमध्ये चक्क ४५.७ टक्के होता. मात्र एवढ्यावरून भारत ब्रिटनपेक्षा स्वस्त ठरवणे भाबडेपणाचे होईल. कारण दावा दाखल केल्यापासून प्रत्यक्ष वसुली होईपर्यंत भारतात (म्हणजे मुंबई आणि दिल्लीत, कारण पाहणी तेवढ्याच दोन शहरांची होती) १,४४५ दिवस लागत, ब्रिटनमध्ये ४३७ आणि सिंगापुरात अवघे १६४, आणि एवढा काळ अडकून पडलेल्या पैशावरचे व्याज त्या टक्केवारीत धरलेलेच नसे. आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यानंतर २०२१ मध्ये बँकेने हा अहवाल बंद केला.