स्टार्टरच्या कार्डाची नक्कल

प्रश्न : जालन्याजवळ माझं छोटं युनिट आहे. विहिरीवरच्या मोटारीचे मोबाइल स्टार्टर बनवतो. कार्डावर एसटीएम३२ चिप आहे. तिच्यावरचा नंबर घासून टाकतो, तरी बाजारात हुबेहूब नक्कल आली, एसएमएससुद्धा माझेच! चिपमधल्या ९६ बिटांच्या आयडीला प्रोग्राम बांधू, की 'पफ'वाली महाग चिप घेऊ?
– एक वाचक, जालना

उत्तर : नंबर घासून फक्त रिपेअरवाल्याची पंचाईत होते, चोराची नाही. ९६ बिटांचा आयडी दर चिपला वेगळा असतो हे खरं, पण तो कुणालाही वाचता येतो. प्रोग्राम हाती लागलेला माणूस आयडी तपासणारी ओळ शोधून उडवतो, की विषय संपला.

पफ म्हणजे 'फिजिकल अनक्लोनेबल फंक्शन', चिपची नक्कल न होणारी जन्मखूण. हे तंत्र वेगळं. एमआयटीतल्या संशोधकांनी २००२ साली ते सिलिकॉन चिपमध्ये करून दाखवलं. पुढे मेमरीवर चालणारा प्रकार आला. एसरॅम या चिपमधल्या मेमरीचा एक बिट म्हणजे सहा ट्रान्झिस्टर. त्याच्या दोन बाजू आराखड्यात अगदी सारख्या, पण कारखान्यात कणभर फरक राहतोच. वीज आली की दोन्ही बाजूंची ओढाताण होते आणि बिट शून्यावर नाहीतर एकावर जाऊन बसतो, बहुतेक वेळा ठरलेल्याच बाजूला. एकाच तव्यावरच्या दोन भाकरींना सारखे डाग पडत नाहीत, तसा हजारो बिटांचा हा नमुना दुसऱ्या चिपमध्ये सापडत नाही. त्यातूनच प्रोग्रामला कुलूप घालणारी गुप्त किल्ली काढतात. काही बिट डळमळतात, मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत तर जास्तच; म्हणून चुका दुरुस्त करणारी माहिती सोबत साठवावी लागते.

साध्या चिपच्या फ्यूजमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत) लिहिलेली किल्ली वीज नसतानाही चिपमध्येच असते. चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ती वाचता येऊ शकते. पफमध्ये लाइट गेली की किल्लीही गेली. (आपल्या शेतीच्या फीडरवर ती बराच वेळ गेलेलीच असणार!) तरी हे अभेद्य नाही. २०१३ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी आयन किरणांनी चिपमध्ये फेरफार करून अशा एसरॅम पफची नक्कल केली होती.

पण तसली यंत्रं स्टार्टरसाठी कोण लावणार? आधी चिपचं रीडआउट प्रोटेक्शन (प्रोग्राम बाहेरून वाचू न देणारं कुलूप) चालू आहे का ते बघा. त्याची सगळ्यात कडक पायरी, लेव्हल २, लावली तर सहसा मागे फिरता येत नाही, तुम्हालाही डीबगर (प्रोग्राम तपासायचं यंत्र) जोडता येत नाही, तेव्हा जपून.

आणि राग मानू नका, पण मला संशय चिपचा नाही, माणसांचा येतोय. कार्डावरचे पार्ट बाहेर भरून घेता का? मग हेक्स फाइलही (चिपमध्ये टाकायचा तयार प्रोग्राम) त्या भरणाऱ्यांकडेच असणार. फाइल ज्याच्या हातात आहे, त्याला चिप फोडायची गरजच काय? रात्रपाळीत चार कार्डं जास्तीची भरली की झालं. बोर्ड भरून आणा, पण प्रोग्राम स्वतःच्या टेबलावर टाका.

तोवर, ज्या ज्या ठिकाणी फाइल द्यावीच लागते, तिथे 'मोटार चालू' या एसएमएसमध्ये बारीकसा बदल ठेवा. एकाला शेवटी टिंब, दुसऱ्याला मधे दोन स्पेस. मग नवीन नक्कल कार्ड आलं की एक विकत घ्या आणि त्याला मिस कॉल द्या.