मेलेल्या रानसशाच्या कानावर गोचिडी दिसल्या. त्या माणसाला किंवा कुत्र्याला लागतील का?

लागू शकतात. रानससा दिवसभर गवतात दबून बसतो, त्यामुळे त्याच्या कानांच्या कडांना आणि डोळ्यांभोवती गोचिडी हमखास सापडतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी करड्या वाटाण्यासारखी दिसते. ती गळून पडते, मातीत हजारो अंडी घालते आणि मरते. खरा त्रास तिच्या पिल्लांचा. सुरुवातीला सहाच पाय, आकार खसखशीएवढा. पायावर चढली तरी कळत नाही.

जनावर मेलं, थंड पडायला लागलं की गोचिडी त्याला सोडून नवं रक्त शोधतात. म्हणून ससा उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यालाही हुंगू देऊ नका.

चावलीच तर रॉकेल, पेटती काडी, चुना काही नको. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. बोटांनी चिरडू तर अजिबात नका.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे किंवा गोव्यात सत्तरीत राहत असाल तर जास्तच जपा, तिकडे गोचिडींमुळे माकडताप हा विषाणूचा ताप होतो. पुढच्या आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' हे आधी सांगा. आपण नेमकं तेच विसरतो.